पगारातून पीएफ कापला, पण खात्यात भरला का? कंत्राटी कामगारांसाठी तपासण्यापासून वसुलीपर्यंत सगळं

भोसरी, चाकण, रांजणगाव, वाळूज, अंबड, बुटीबोरी, कुठलीही एमआयडीसी घ्या, ठेकेदाराकडच्या पोरांच्या पगाराच्या स्लिपवर पीएफ कापलेला दिसतो आणि दोन-तीन वर्षांनी काम सुटलं की कळतं खात्यात चार-सहा महिन्यांचेच पैसे आलेत. तोवर ठेकेदार बदललेला असतो, सुपरवायझर फोन उचलत नाही आणि कंपनीचा एचआर म्हणतो तुम्ही आमच्या रोलवर कधी नव्हताच. हे पैसे वसूल करता येतात, कायदा या बाबतीत खरंच कडक आहे, पण उशीर झाला आणि हातात कागद नसले की तोच कायदा लंगडा पडतो. म्हणून सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो, पीएफ नोकरी सोडताना बघायची गोष्ट नाहीये, दर महिन्याला वीस तारखेनंतर बघायचा, पगार जमा झाला का बघता तसाच. वीस तारीख अशासाठी की मालकाने मागच्या महिन्याचे पैसे १५ तारखेपर्यंत भरायचे असतात आणि पासबुकात दिसायला थोडे दिवस जातात.

आधी हिशोब समजून घ्या

ज्या आस्थापनेत २० किंवा जास्त माणसं कामाला आहेत तिथे पीएफ लागू होतो, आणि एकदा लागू झाला की नंतर माणसं कमी झाली म्हणून बंद होत नाही. तुमचे १२ टक्के, मालकाचे १२ टक्के. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून समजा १४,००० रुपये आहेत, तर तुमचे कापले जाणार १,६८०. मालकानेही १,६८० द्यायचे, पण ते दोन ठिकाणी जातात, ८.३३ टक्के म्हणजे १,१६६ रुपये पेन्शन योजनेत आणि उरलेले ५१४ तुमच्या पीएफमध्ये. पेन्शनचा वाटा १५,००० च्या मर्यादेवर काढतात (ही मर्यादा १ सप्टेंबर २०१४ पासूनची), म्हणून त्यात महिन्याला जास्तीत जास्त १,२५० रुपयेच जातात.

मालकाचा वाटा तुमच्या पगारातून कापायचा नाही, हे कायद्यात स्पष्ट आहे. काही ठेकेदार स्लिपवर दोन्ही वाटे मिळून २४ टक्के कापतात आणि वर सांगतात की नियमच तसा आहे. तसा नियम कुठेही नाही. तुमच्या स्लिपवर असं दिसलं तर ती स्लिप जपून ठेवा, तो तुमच्या हातातला सगळ्यात भारी पुरावा आहे.

आणि हे फक्त म्हातारपणाच्या पैशाचं प्रकरण नाहीये बरं का. पीएफ चालू असलेला कामगार नोकरीत असताना गेला तर ईडीएलआय विम्यातून घरच्यांना ७ लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते, आणि या विम्यासाठी कामगाराच्या पगारातून एक पैसाही कापायचा नसतो. ठेकेदार वर्षभर पैसे भरत नसला की त्या घराला हाच हक्क मागायला किती हेलपाटे मारावे लागतात ते ज्यांनी पाहिलंय त्यांना विचारा. दहा वर्षांची सेवा भरली तर पेन्शन बसते, त्यात मधले महिने गायब असले की तीही अडकते.

कायदा कुठला, यावर सध्या बराच गोंधळ आहे. आधी १९५२ चा भविष्य निर्वाह निधी कायदा होता, २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० आली. आधीच्या काळातली थकबाकी संहिता आली म्हणून माफ झालेली नाही. अर्जात दोन्हींची नावं लिहा, म्हणजे कुणी जुना-नवा करत अर्ज परत करणार नाही. पण नव्या संहितेत एक गोष्ट कामगारासाठी वाईट आहे, ती म्हणजे थकबाकीची चौकशी सुरू करायला वाद उभा राहिल्यापासून पाच वर्षांची मर्यादा घातली आहे. जुन्या कायद्यात अशी मर्यादा नव्हती. त्यामुळे "बघू पुढे कधीतरी" हे आता परवडणारं नाही.

पायरी १: यूएएन आणि मोबाईल नंबर आपल्या ताब्यात घ्या

यूएएन म्हणजे पीएफचा १२ आकडी नंबर, तो माणसाचा असतो, नोकरी बदलली तरी तोच राहतो. स्लिपवर असायला हवा, नसेल तर ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या केंद्राच्या संघटनेच्या) मेंबर पोर्टलवर "नो युवर यूएएन" मधून आधार आणि ओटीपी वापरून काढता येतो. ज्यांचा यूएएन बनलाच नाही त्यांना केंद्र सरकारच्या उमंग ॲपवर चेहरा स्कॅन करून स्वतःचा काढता येतो.

इथे सगळ्यात जास्त घोळ असतो मोबाईल नंबरचा. हाऊसकीपिंग, पॅकिंग, लोडिंगच्या कामांत बऱ्याचदा ठेकेदाराच्या माणसाने स्वतःचाच नंबर दहा-वीस कामगारांच्या खात्याला जोडलेला असतो, आणि बायकांच्या बाबतीत आधारला नवऱ्याचा किंवा भावाचा नंबर असतो. आधी जवळच्या आधार केंद्रात जाऊन आपला चालू नंबर आधारला लिंक करा, मग आधारच्या ओटीपीवर पीएफ खात्याचा नंबर बदलता येतो. नाव आणि जन्मतारीख आधारप्रमाणेच आहे का तेही तेव्हाच बघून घ्या, "बाळू" आणि "बाळासाहेब" एवढ्या फरकावर क्लेम रिजेक्ट होतात.

दोन यूएएन निघाले तरी घाबरू नका, नवीन ठेकेदाराने जुना न विचारता दुसरा काढलेला असतो. जुन्यातले पैसे नव्यात ट्रान्सफर करून घ्यायचे.

पायरी २: पासबुक नीट वाचा

पासबुक ईपीएफओच्या वेबसाईटवर किंवा उमंगवर दिसतं. स्मार्टफोन नसेल तर नोंदवलेल्या नंबरवरून ९९६६०४४४२५ वर मिस्ड कॉल द्या, शिल्लक आणि शेवटचा भरणा एसएमएसने येतो. ७७३८२९९८९९ वर इंग्रजी अक्षरांत ईपीएफओएचओ, मग जागा सोडून यूएएन, पुन्हा जागा सोडून एमएआर असा मेसेज पाठवला तर उत्तर मराठीत येतं. यूएएन ॲक्टिव्ह असेल तरच हे चालतं.

नुसती शिल्लक बघून बंद करू नका, एकेक ओळ बघा. प्रत्येक ओळीत पगाराचा महिना असतो, पैसे जमा झाल्याची तारीख असते, ईपीएफ वेतन (ज्या पगारावर पीएफ मोजला तो आकडा) असतं आणि मग तीन रकमा, तुमचा वाटा, मालकाचा वाटा, पेन्शन. स्लिप शेजारी ठेवून जुळवा. तीन प्रकारची चोरी इथे पकडली जाते. पहिली, महिनाच गायब, जूननंतर थेट सप्टेंबर. दुसरी, महिना आहे पण ईपीएफ वेतन कमी आहे, स्लिपवर १४,००० आणि पासबुकात ७,०००, म्हणजे कापले १,६८० आणि भरले ८४०, उरलेले गेले ठेकेदाराच्या खिशात. ही चोरी लोकांच्या लवकर लक्षात येत नाही कारण दर महिन्याला काहीतरी जमा होताना दिसतं. तिसरी, कामाचे दिवस कमी दाखवायचे, तुम्ही २६ दिवस भरले आणि पीएफ भरायच्या चलनात बिनपगारी दिवस दाखवून १३ दिवसांवर पीएफ भरला.

मूळ पगार मुद्दाम छोटा ठेवून बाकी सगळं भत्त्यांत टाकायची चाल जुनीच आहे. २८ फेब्रुवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टाने विवेकानंद विद्यामंदिरच्या निकालात सांगितलं की जे भत्ते सगळ्यांना सरसकट दिले जातात ते पीएफसाठी मूळ वेतनात धरायचे. नव्या संहितेतल्या वेतनाच्या व्याख्येतही वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनात मिळवायचा आहे.

मोठ्या काही कंपन्यांचा स्वतःचा पीएफ ट्रस्ट असतो, त्यांच्या कामगारांना ईपीएफओच्या पासबुकात नोंदी दिसत नाहीत, त्यांनी हिशोब ट्रस्टकडून मागायचा. ठेकेदाराच्या कामगारांचं मात्र सहसा ईपीएफओकडेच असतं.

आणखी एक जागा आहे जी फार कमी लोकांना माहीत असते. ईपीएफओच्या वेबसाईटवर "एस्टॅब्लिशमेंट सर्च" मध्ये ठेकेदाराच्या फर्मचं नाव किंवा कोड टाकला की त्याने कुठल्या महिन्याचे किती पैसे कधी भरले आणि किती कामगारांचे भरले ते दिसतं. तुमच्या शिफ्टलाच ऐंशी माणसं असतील आणि तिथे पंचवीस दिसत असतील तर बाकीच्यांचं काय झालं हे सांगायला नको. त्या पानाचा स्क्रीनशॉट तारखेसकट काढून ठेवा. तुमचा मेंबर आयडी पासबुकावर असतो, त्यातच फर्मचा कोड असतो, पुणे विभागाचा असेल तर सुरुवातीला पी यू पी यू एन अशी अक्षरं दिसतील.

पायरी ३: पुरावे, आणि तेही नोकरीत असतानाच

स्लिप देत नसेल तर बँकेचं स्टेटमेंट, ज्यात ठेकेदाराच्या फर्मचं नाव येतं. गेटपास, आयकार्ड दोन्ही बाजूंनी फोटो काढून. ईएसआयसीचं (कामगार विम्याचं) कार्ड, कारण तिथे तुम्ही कोणाच्या नावावर कधीपासून आहात ते सरकारी रेकॉर्डमध्येच असतं (जाता जाता तुमच्या पगारातून ईएसआयचे ०.७५ टक्के कापले जातात ते भरलेत का तेही बघा). शिफ्ट लावल्याचे व्हॉट्सॲप ग्रुपवरचे मेसेज, ओव्हरटाईमचं शीट, सेफ्टी ट्रेनिंगला सही केलेला कागद, कँटीनचं कुपन, बसचा पास. कामगारांना हे कचरा वाटतं, पण ठेकेदार जेव्हा सुनावणीत उभा राहून म्हणतो "हा माणूस माझ्याकडे कधी नव्हताच" तेव्हा त्याच फर्मच्या नावाचं, तारखेचं कँटीन कुपन टेबलावर ठेवलं की पुढचं बोलणं बदलतं. सगळं स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा, फोन हरवतात.

कामावरून काढलं की ग्रुपमधूनही काढतात, म्हणून मेसेज एक्स्पोर्ट करून ठेवायचं काम आजच करा. कोऱ्या कागदावर किंवा "सर्व येणे मिळाले" अशा छापील कागदावर सही मागितली तर आधी वाचा, आणि पीएफची रक्कम बाकी असेल तर सहीच्या वर हाताने "पीएफ बाकी" असं लिहा आणि फोटो काढा.

पायरी ४: ठेकेदाराला आणि कंपनीला, दोघांनाही लेखी

ठेकेदाराने पैसे भरले नाहीत तर जबाबदारी मूळ मालकाची, म्हणजे ज्या कंपनीच्या गेटमधून तुम्ही रोज आत जात होता तिची असते. पीएफ योजनेच्या परिच्छेद ३० मध्ये हे थेट लिहिलेलं आहे, ठेकेदारामार्फत लावलेल्या कामगारांचेही दोन्ही वाटे भरण्याची जबाबदारी मूळ मालकाची. कंपनी हे पैसे नंतर ठेकेदाराच्या बिलातून वळते करून घेऊ शकते, तो त्यांचा आपसातला विषय. त्यामुळे "आमच्या रोलवर नव्हता" हे उत्तर पीएफच्या बाबतीत चालत नाही आणि एचआरला ते माहीत असतं.

एक छोटा अर्ज दोघांनाही स्पीड पोस्टाने किंवा ईमेलने पाठवा, पावती ठेवा. आठ-दहा दिवसांची मुदत द्या. बऱ्याच ठिकाणी काम इथेच होतं, कारण कंपनीला ठेकेदारापायी आपल्या दारात पीएफचा इन्स्पेक्टर नको असतो, ती ठेकेदाराचं बिल अडवते आणि मग पैसे भरले जातात.

अजून नोकरीत असाल तर एकट्याने जाऊ नका. एकटा गेला की दुसऱ्या दिवशी गेटपास बंद, हे वास्तव आहे. दहा-पंधरा जणांनी एकत्र सही करून अर्ज दिला किंवा युनियनच्या लेटरहेडवर दिला तर कुणा एकाला टिपणं अवघड जातं, शिवाय पीएफ ऑफिसही सामूहिक तक्रारीकडे जास्त लक्ष देतं.

पायरी ५: पीएफ ऑफिसला तक्रार

बरेच जण इथे चुकीच्या दारात जातात. पीएफ हा केंद्राचा विषय आहे, कामगार आयुक्त कार्यालयात पगार, बोनस, नोकरीवरून काढणं याच्या तक्रारी न्या, पीएफसाठी ईपीएफओचं प्रादेशिक कार्यालय. पुण्यात गोळीबार मैदान आणि आकुर्डी अशी दोन आहेत, मुंबईत वांद्रे वगैरे, शिवाय ठाणे, नाशिक, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर, सोलापूरलाही आहेत. फर्मचा कोड ज्या कार्यालयाचा आहे तिथे तक्रार जाते, तुम्ही कुठे राहता त्यावर ठरत नाही. मुंबईच्या फर्मने चाकणला माणसं लावली असतील तर कोड मुंबईचा असू शकतो, हे आधी बघून घ्या.

ऑनलाईन तक्रार ईपीएफओच्या ईपीएफआयजीएमएस या तक्रार पोर्टलवर करायची. "पीएफ मेंबर" निवडा, यूएएन टाका, ओटीपी येईल, मग तुमचे मेंबर आयडी दिसतील त्यातला ज्या ठेकेदाराविरुद्ध तक्रार आहे तो निवडा, प्रकार निवडा, मजकूर लिहा आणि कागद जोडा. नोंदणी क्रमांक मिळतो, तो लिहून ठेवा. माहितीसाठी हेल्पलाईन १४४७०.

मजकूर रडगाण्याचा नको, आकड्यांचा हवा. साधारण असा:

"मी (नाव), (कंपनीचं नाव व पत्ता) येथे (ठेकेदाराच्या फर्मचं नाव, पीएफ कोड) यांच्यामार्फत (तारीख) पासून (तारीख) पर्यंत (काम) या कामावर होतो. माझा यूएएन (क्रमांक). जून २०२४ ते मार्च २०२५ या दहा महिन्यांत माझ्या पगारातून दरमहा १,६८० रुपयांप्रमाणे एकूण १६,८०० रुपये कापले. पासबुकात या महिन्यांची नोंद नाही. मालकाचा वाटा धरून ३३,६०० रुपये येणे आहे. भविष्य निर्वाह निधी कायदा, १९५२ व सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० नुसार चौकशी करून ठेकेदार व मूळ मालक यांच्याकडून व्याजासह वसुली करावी आणि मला सुनावणीची सूचना द्यावी. सोबत पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट, पासबुक व गेटपासच्या प्रती जोडल्या आहेत."

"सुनावणीची सूचना द्यावी" हे वाक्य विसरू नका, नाहीतर चौकशी ठेकेदार आणि ऑफिस यांच्यातच होऊन जाते आणि तुम्हाला पत्ताच नसतो.

बऱ्याचदा पोर्टलवर दोन ओळींचं उत्तर देऊन तक्रार बंद करतात, "मालकाशी संपर्क साधावा" असं. तसं झालं तर तिथेच थांबायचं नाही, पुन्हा तक्रार करा आणि आधीचा क्रमांक त्यात लिहा. त्याच अर्जाची छापील प्रत ऑफिसच्या आवक विभागात द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का घ्या. दर महिन्याच्या २७ तारखेला (सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी) "निधी आपके निकट" शिबिर प्रत्येक जिल्ह्यात होतं, तिथे अधिकारी समोर बसलेले असतात, आपला नंबर घेऊन थेट विचारता येतं. ज्यांना पुण्या-मुंबईपर्यंत जायला एक दिवसाची मजुरी बुडवावी लागते त्यांच्यासाठी हे खूप सोयीचं आहे.

पायरी ६: चौकशी चालू झाल्यावर

जुन्या कायद्यात याला कलम ७ए ची चौकशी म्हणायचे, लोक अजूनही तेच म्हणतात, संहितेत ती कलम १२५ मध्ये आहे. चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला दिवाणी कोर्टासारखे अधिकार असतात, तो हजेरीपट, पगारपत्रक, बँक खाती मागवू शकतो, माणसांना शपथेवर तपासू शकतो. तारखांना जा किंवा युनियनचा माणूस पाठवा. रक्कम ठरली की वसुली निघते, त्यात ठेकेदाराचं बँक खातं गोठवता येतं, आणि ठेकेदाराला इतर कुणाकडून येणं असेल तर ते पैसेही थेट तिथून घेता येतात. म्हणून तो सध्या कुठल्या कुठल्या कंपन्यांत माणसं पुरवतोय ही यादी जमेल तेवढी काढून अधिकाऱ्याला द्या, हे काम कामगारांइतकं चांगलं कुणीच करू शकत नाही.

उशिरा भरलेल्या पैशांवर मालकाला वर्षाला १२ टक्के व्याज आणि वर नुकसानभरपाईचा दंडही लागतो. तो दंड तुमच्या खात्यात येत नाही, पण ठेकेदाराला घाई व्हायला त्याने मदत होते.

ज्यांचा पीएफ कापलाच नाही, नोंदच केली नाही, त्यांनाही हीच वाट आहे. पात्र कामगाराला पहिल्या दिवसापासून सभासद करायचं असतं, "सहा महिने झाल्यावर चालू करू" हे खोटं आहे. आणि मागच्या काळातला कामगाराचा वाटा मालक आता तुमच्या चालू पगारातून कापून घेऊ शकत नाही, तो त्याने स्वतःच्या खिशातून भरायचा.

तुमच्या पगारातून कापलेला वाटा न भरणं हा विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा आहे, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली येतो. पोलीस स्टेशनला एकटा कामगार गेला तर "हे पीएफ ऑफिसचं काम आहे" म्हणून परत पाठवतात, त्यामुळे पीएफ आयुक्तांकडेच लेखी मागणी करा की ऑफिसतर्फे फिर्याद द्यावी.

अडलं तर

तीन-चार महिने काहीच हललं नाही तर माहितीचा अधिकार वापरा. केंद्राच्या आरटीआय पोर्टलवर १० रुपये भरून अर्ज होतो, दारिद्र्यरेषेखालच्यांना फीही नाही, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. प्रश्न असे विचारा: माझ्या अमुक क्रमांकाच्या तक्रारीवर कुठल्या तारखेला काय कारवाई झाली, सध्या फाईल कुणाकडे आहे, माझ्या यूएएनसाठी या फर्मने भरलेल्या महिन्यांचा तपशील द्या. मत विचारू नका, "का केलं नाही" असंही नको, रेकॉर्डच मागा. अर्ज गेला की पडलेली फाईल बऱ्याचदा हलते.

वकील लागलाच तर औद्योगिक कामगाराला उत्पन्न न बघता मोफत विधी सहाय्य मिळतं, हे १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्येच आहे, बायकांनाही आणि अनुसूचित जाती-जमातींनाही. जिल्हा न्यायालयातच ऑफिस असतं, फोन १५१००. एजंटला मात्र पैसे देऊ नका, खासकरून "वीस टक्के द्या, पीएफ काढून देतो" म्हणणाऱ्याला आधार आणि ओटीपी कधीच नको.

पैसे खात्यात जमा झाल्यावर पुन्हा एकदा महिनावार जुळवा, वेतनाचा आकडा आणि पेन्शनचा रकाना दोन्ही बरोबर आहेत का बघा, कारण घाईत भरताना नुसता पीएफ भरून पेन्शनचा भाग सोडून दिलेला असतो. जुना ठेकेदार नोकरी सोडल्याची तारीख टाकत नसेल तर शेवटचा भरणा झालेल्या महिन्यानंतर दोन महिने थांबून ती तारीख पोर्टलवर "मॅनेज" मधल्या "मार्क एक्झिट" मधून आपणच टाकता येते. नवीन ठिकाणी लागला असाल तर पैसे काढून टाकण्यापेक्षा तिकडे ट्रान्सफर करा, म्हणजे पेन्शनची दहा वर्षं तुटत नाहीत.